दोन क्लासांमधले सहा दिवस : पियानो शिकणाऱ्या मुलाच्या पालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पियानोचा क्लास आठवड्यातून एकदा, अर्धा किंवा पाऊण तास. उरलेले सहा दिवस मूल घरीच वाजवते, आणि हात घडतो किंवा बिघडतो तो त्याच सहा दिवसांत. बहुतेक घरांत सराव असा चालतो: "जरा वाजवून दाखव" म्हटले की मूल पहिल्या बारपासून सुरू करते, पाचव्या बारला अडते, पुन्हा पहिल्यापासून येते आणि पुन्हा पाचव्यालाच अडते. असे सात-आठ वेळा झाले की वीस मिनिटे संपतात. तोवर पहिले चार बार घोटून गुळगुळीत झालेले असतात आणि पाचव्या बारमधली चूकही तितकीच पक्की झालेली असते. मग मुलाचे लक्ष नाही, असे घरात ठरते. खरे तर कामाचा क्रम चुकलेला असतो.

तो क्रम सांभाळायला पालकाला पियानो यावा लागत नाही. बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा आणि प्रत्येक बारमध्ये ठरावीक ठोके असतात, एवढे कळले तरी सुरुवातीला पुरते. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले दोन टप्पे कच्चे ठेवून पाचव्यावर कितीही मेहनत केली तरी ती वाया जाते.

## टप्पा १ : वाद्य आणि त्याची जागा

पूर्ण आकाराच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पहिल्या वर्षाच्या धड्यांना ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालून जातो, पण दोन गोष्टींवर तडजोड करू नका. पट्ट्यांची रुंदी पूर्ण हवी आणि दाब ओळखण्याची सोय हवी. खेळण्यासारख्या अरुंद पट्ट्यांवर बोटांमधले अंतर चुकीचे बसते आणि क्लासमधल्या पियानोवर मुलाचे सगळे अंदाज फसतात. दाब न ओळखणाऱ्या कीबोर्डवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज एकसारखाच येतो. त्यामुळे बोटाच्या जोराचा आवाजाशी काही संबंध असतो हे कानाला कळतच नाही.

शक्य असेल तर वजनदार पट्ट्यांचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी उचलली जाते आणि तारेवर आपटते. ते वजन पेलण्याची सवय बोटांना लागावी लागते. हलक्या पट्ट्यांवर शिकलेल्या मुलाचे क्लासमध्ये हळुवार जागी सूर गळतात. शिक्षक म्हणतात बोटांत जोर नाही, घरी तर सगळे नीट वाजत असते. हा गोंधळ वाद्यातून आलेला असतो.

तपासणी : एकच पट्टी आधी अगदी हळू, मग जोरात दाबा. आवाजात स्पष्ट फरक पडला पाहिजे. फरक नसेल तर आधी सेटिंगमध्ये दाबाची सोय बंद तर नाही ना, ते पाहा. पुष्कळदा तेवढेच असते.

कैचीसारखा दुमडणारा स्टँड जोरात वाजवताना हलतो आणि त्याच्या दांड्यांना गुडघे आपटतात. चार पायांचा किंवा टेबलासारखा स्टँड बरा. कीबोर्ड पलंगावर किंवा मांडीवर ठेवून सराव अजिबात नको. पुस्तक डोळ्यांच्या समोर उभे राहिले पाहिजे. ते बाजूला आडवे ठेवले की मान वळवून वाजवायची सवय लागते आणि ती सुटायला फार वेळ लागतो.

तारांचा पियानो असेल तर तो उन्हात, खिडकीला चिकटून किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगते आणि आकसते, त्याबरोबर तारांचा ताण बदलतो आणि सूर उतरतात. आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आणि शक्य तितकी स्थिर हवी. ट्यूनिंग वर्षातून एकदा तरी, जमल्यास दोनदा करून घ्या. पियानो दुसऱ्या घरात हलवला असेल तर त्याला नव्या हवेत दोन-तीन आठवडे स्थिरावू द्या, मग ट्यूनरला बोलवा. ट्यूनिंगमध्ये मधल्या सीच्या वरचा ए साधारणपणे ४४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना लावतात (सी, ए ही सुरांची पाश्चात्त्य नावे; मधला सी म्हणजे पियानोच्या मध्याजवळचा सी). बेसूर पियानोवर महिनोन्महिने सराव केला की कानाला तो बेसूरच खरा वाटू लागतो.

वाद्य कुठल्या खोलीत ठेवायचे? जिथून तुम्हाला काम करता करता ऐकू येईल, पण टीव्ही समोर नसेल, तिथे. दार लावलेल्या खोलीत हेडफोन घालून वाजवणाऱ्या लहान मुलाची चूक तीन आठवड्यांनी क्लासमध्येच उघडी पडते. पहिल्या वर्षी सराव शक्यतो स्पीकरवर होऊ द्या.

## टप्पा २ : बैठक

मोठ्यांच्या बाकावर लहान मूल बसवले की हनुवटी पट्ट्यांच्या जवळ येते, खांदे वर चढतात आणि मनगटे खाली लोंबतात. शिक्षक दर आठवड्याला "खांदे खाली" म्हणत राहतात, घरी उंची तीच राहते. उंची डोळ्यांनी ठरवू नका, मोजा.

१. पट्ट्यांच्या वरच्या पृष्ठभागाची जमिनीपासून उंची मोजा. पियानोवर ती बहुधा ७२ सेंटिमीटरच्या आसपास असते.

२. मुलाला सपाट, टणक खुर्चीवर ताठ बसवा, दंड अंगालगत सैल सोडायला सांगा, कोपर काटकोनात. बसण्याच्या जागेपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा.

३. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करा. येईल ती बसण्याची उंची. समजा ७२ मधून १७ वजा केले, तर ५५ सेंटिमीटर.

४. बाक तेवढा वर जात नसेल तर टणक फोमचे थर किंवा घट्ट बसणाऱ्या रबरी चटया टाका. मऊ उशी दबते आणि पुस्तकांची चळत घसरते, दोन्ही टाळा.

५. एवढ्या उंचीवर पाय लोंबकळणार. पायांखाली टेकू द्या. गुडघ्यामागून टाचेपर्यंतची लांबी बसण्याच्या उंचीतून वजा केली की टेकूची उंची मिळते. लांबी ३० असेल तर ५५ वजा ३०, म्हणजे २५ सेंटिमीटर. पाय टेकलेले नसले की मूल तोल सावरायला पोट आणि खांदे आवळते, आणि तो ताण बोटांपर्यंत उतरतो.

६. बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसवा. हात पुढे करून मुठी वळल्या की त्या पट्ट्यांमागच्या उभ्या फळीला जेमतेम टेकाव्यात. कोपर फार दुमडत असेल तर बाक मागे घ्या.

७. मुलाची बेंबी मधल्या सीच्या समोर किंवा त्याच्या किंचित उजवीकडे यावी. ८८ पट्ट्यांत मधला सी डावीकडून ४० वी पट्टी, आणि सीपासून सीपर्यंत जाणाऱ्या नेहमीच्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर २५ वी. जमिनीवर बाकाच्या पायांशी चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या की रोज अंदाज बांधावा लागत नाही.

मुले वाढतात. हे माप दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्या.

नखे बोटाच्या टोकाबाहेर आलेली नकोत. लांब नखांमुळे बोट आडवे पडते, टोकाचा सांधा आत मोडतो आणि "बोटे गोल ठेव" हे सांगून उपयोग होत नाही. क्लासच्या आदल्या दिवशी नखे कापायची, हे ठरवूनच टाका.

सावधान : दमणे वेगळे, दुखणे वेगळे. मनगट, हाताचा पुढचा भाग किंवा खांदा दुखतो असे मूल म्हणाले तर त्या क्षणी सराव थांबवा, आणि शिक्षकांना कोणत्या जागी, किती वेळाने दुखले ते सांगा. दुखत असताना वाजवल्याने बोटांत ताकद येत नाही. विश्रांती घेऊनही दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ३ : क्लासमधून काय घेऊन यायचे

मुलाला विचारले, "आज काय दिलंय?" तर उत्तर येते, "तेच, मागचंच." म्हणून एक वही ठेवा, फक्त पियानोची. सोबत पेन्सिल आणि खोडरबर. नोटेशनवर पेनने कधीही लिहू नये, बोटांचे आकडे पुढे बदलतात.

दर क्लासनंतर वहीत प्रत्येक धड्यासमोर पाच गोष्टी असाव्यात: पान, कोणत्या बारपासून कोणत्या बारपर्यंत, कोणता हात, वेग, आणि काय जमले म्हणजे झाले. शेवटची गोष्ट बहुतेक वह्यांत नसते आणि तीच सर्वांत कामाची. "पान १२ नीट कर" यावरून घरी काही करता येत नाही. "पान १२, बार ५ ते ८, डावा हात, मेट्रोनोम ६०, न थांबता सलग तीनदा" यावरून सोमवारपासून कामाला लागता येते. (मेट्रोनोम म्हणजे एकसारखे ठोके देणारे यंत्र किंवा ॲप; ६० म्हणजे मिनिटाला ६० ठोके.) शिक्षकांना क्लासच्या शेवटी दोन मिनिटे मागून घ्या आणि हे विचारा. बहुतेक शिक्षकांना असा प्रश्न आवडतो.

कठीण जागा शिक्षक वाजवत असतानाची छोटी चित्रफीत घ्यायची असेल तर आधी परवानगी विचारा. तीस सेकंद पुरतात.

क्लासमध्ये बसायला मिळाले तर गप्प बसा. मुलाला सूर सुचवणे, "घरी तर छान वाजवलं होतं" असे म्हणणे, दुरून बोटांनी खुणा करणे, या सगळ्याने मूल शिक्षकांऐवजी तुमच्याकडे पाहू लागते. तुम्ही वही लिहा.

क्लास ऑनलाइन असेल तर कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यासमोर ठेवू नका. बाजूला, पट्ट्यांपेक्षा थोडा उंच आणि कोपरापासून बोटांपर्यंतचा हात पट्ट्यांसह दिसेल असा ठेवा. ॲपमधली गोंगाट गाळण्याची सोय बंद करा. ती पियानोचा लांबणारा सूर गोंगाट समजून कापते, आणि सूर पूर्ण धरला की आधीच सोडला हे शिक्षकांना कळत नाही.

## टप्पा ४ : वेळ ठरवणे

पाच-सहा वर्षांच्या मुलाला १० ते १५ मिनिटे, सात-आठ वर्षांच्या मुलाला १५ ते २०, नऊ ते अकरा वर्षांच्या मुलाला २० ते ३० आणि त्यापुढे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून पाच-सहा दिवस. रविवारी एकदम दोन तास बसवून आठवडा भरून निघत नाही, कारण बोटांची सवय दोन बैठकांमधल्या झोपेत आणि विसाव्यात मुरते. लहान मुलाची १५ मिनिटे दोन भागांत केली तरी चालते: सकाळी सात मिनिटे, संध्याकाळी आठ मिनिटे.

पहिला सराव क्लासच्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या दिवशी दहाच मिनिटे बसले तरी चालेल. शिक्षकांनी दाखवलेली हाताची हालचाल अजून ताजी असते. तीन दिवसांनी बसले तर मूल अंदाजाने वाजवते आणि तो अंदाजच मुरतो. आठवड्यातले इतर सगळे दिवस सारखे धरा, पण या एका दिवसाबाबत हट्टी राहा.

"सहा वाजता सराव" यापेक्षा "दूध पिऊन झालं की सराव" हे जास्त टिकते. घड्याळ मोडते, रोजची सवय सहसा मोडत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसवू नका. ती शिक्षा वाटते आणि तिसरा दिवसही जातो. मूल भुकेले, झोपाळलेले किंवा नुकतेच मैदानातून आलेले असताना बसवू नये, हे वेगळे सांगायला नको.

## टप्पा ५ : प्रत्यक्ष सराव

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून सावकाश वाचा. २० मिनिटांच्या बैठकीची विभागणी अशी:

- पहिली ३ मिनिटे: दिलेली स्केल (ओळीने चढणारे-उतरणारे सूर) किंवा पाच बोटांचा व्यायाम, अगदी सावकाश.
- पुढची ८ मिनिटे: वहीत खूण केलेला सर्वांत कठीण तुकडा. मन ताजे असताना अवघड काम.
- त्यापुढची ५ मिनिटे: नवा धडा, दोन ते चार बारच.
- शेवटची ४ मिनिटे: येणारी, आवडीची धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता.

बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. आवडीची धून आधी वाजते, कठीण तुकड्यापर्यंत येईतो मूल कंटाळलेले असते. आवडीचे वाजवणे शेवटी ठेवले की मूल वाद्यावरून खुशीत उठते आणि उद्या बसायला कुरकुरत नाही.

कठीण तुकडा कसा घ्यायचा, त्याच्या पायऱ्या:

१. तुकडा दोन ते चार बारचा निवडा. मूल कुठे अडते ते त्यालाच विचारा: "या ओळीत कुठं अडतं, बोट ठेवून दाखव." अडते तो बार, त्याच्या आधीचा एक आणि नंतरचा एक.

२. पट्ट्यांना हात न लावता टाळ्या वाजवत ठोके मोठ्याने मोजा: एक-दोन-तीन-चार. लांब सूर असेल तर टाळी एकच, पण मोजणी चालू. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि मग लयीची चूक बोटांची चूक समजून तासन्‌तास घोटत बसतात.

३. उजवा हात एकटा, पुस्तकात छापलेल्या बोटांच्या आकड्यांनीच. दोन्ही हातांत अंगठा १ आणि करंगळी ५. डाव्या हाताला लहान मुले डावीकडून मोजतात आणि करंगळीला १ म्हणतात. पहिले दोन महिने हे रोज बघा.

४. डावा हात एकटा. सुरुवातीला बहुतेक मुलांचा हाच हात कच्चा असतो, म्हणून त्याला दुप्पट वेळ.

५. दोन्ही हात एकत्र, येणाऱ्या वेगाच्या निम्म्याने. दोन हात एकत्र आल्यावर अडखळणे नैसर्गिक आहे; वेग उतरवणे हाच उपाय.

६. सलग तीन वेळा बिनचूक. तिसऱ्या वेळी चुकले तर मोजणी पुन्हा शून्यावर. पाच वेळा प्रयत्न करूनही तीन सलग येत नसतील तर तुकडा मोठा आहे किंवा वेग जास्त आहे. जिद्दीने सहाव्यांदा वाजवू नका, दोनपैकी एक कमी करा.

७. सांधा जोडा. तुकड्याच्या शेवटच्या बारपासून पुढच्या तुकड्याच्या पहिल्या सुरापर्यंत, एवढेच तीन वेळा. दोन्ही तुकडे पक्के असूनही धून मध्येच तुटते ती इथेच, कारण सांधा कोणी वाजवलेलाच नसतो.

८. आता वेग. मेट्रोनोम जिथे बिनचूक येते तिथे लावा, समजा ५२. सलग तीनदा जमले की ५६, मग ६०. एका बैठकीत चार-चारच्या तीन पायऱ्या पुरे. दुसऱ्या दिवशी कालच्या शेवटच्या आकड्याच्या एक-दोन पायऱ्या खालून सुरुवात करा. रात्रीतून वेग थोडा उतरलेला दिसणे नेहमीचेच आहे.

संपूर्ण धून बसवताना शेवटच्या चार बारपासून मागे मागे येत गेले तर फार फायदा होतो. वाजवता वाजवता मूल जास्त ओळखीच्या भागाकडे जात राहते, म्हणून शेवट कोसळत नाही. सुरुवातीपासून बसवलेल्या धूनमध्ये पहिले पान सुरेख आणि शेवटचे कच्चे, हे ठरलेले.

तपासणी : बैठक संपताना विचारा, "आज कोणता बार काल येत नव्हता आणि आता येतो?" उत्तरात बारचा आकडा आला तर सराव झाला. "सगळं वाजवलं" असे उत्तर आले तर फक्त वाजवणे झाले.

सावधान : चूक झाली की पहिल्यापासून सुरू करू देऊ नका. अडलेल्या सुराच्या एक बार आधीपासून घ्यायला लावा. एवढा एकच नियम घरात लागू केला तरी आठवडाभरात फरक ऐकू येतो.

## टप्पा ६ : संगीत येत नसेल तर काय ऐकायचे

शेजारी बसून सूर बरोबर की चूक हे सांगणे तुमचे काम नाही. या गोष्टी बघा, त्यांना ज्ञान लागत नाही:

- मोजणीचा आवाज वाजवताना मध्येच बंद पडतो का? बंद पडतो तिथे लय हरवलेली असते.
- त्याच जागी दर वेळी वेगळी बोटे येतात का? तसे असेल तर ती जागा कधीच पक्की होणार नाही.
- सोप्या जागी वेग आणि कठीण जागी संथपणा येतो का? मग सगळेच कठीण जागेच्या वेगाने वाजवायला सांगा.
- खांदे कानांकडे चढतात का, श्वास रोखला जातो का?
- मूल पुस्तकाकडे बघते की फक्त बोटांकडे?

बोलताना चूक काढण्यापेक्षा जागा विचारा. "परत चुकलास" याने मूल आवळते. "बार सहामध्ये डावा हात एकटा ऐकव" याने काम पुढे सरकते. कौतुकही नेमके करा: "आज मोजणी शेवटपर्यंत थांबली नाही" हे मुलाला कळते आणि उद्या ते पुन्हा करता येते. "वा, किती छान" ऐकायला गोड असते, पण त्यातून उद्या काय करायचे ते कळत नाही.

सात-आठ वर्षांपर्यंत शेजारी बसा. पुढे त्याच खोलीत थोडे दूर. दहा-अकरानंतर फक्त सुरुवातीची दोन आणि शेवटची दोन मिनिटे. ही माघार मुद्दाम आणि हळूहळू घ्यायची असते. बाराव्या वर्षीही पालक शेजारी असतील तर मूल स्वतःची चूक ऐकायला शिकत नाही.

## टप्पा ७ : नोटेशन वाचणे

पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावले असतील तर तीन-चार आठवड्यांत काढा. मूल त्यांच्यावर नजर ठेवते आणि पुस्तक बघायचे राहून जाते. काळ्या पट्ट्यांच्या दोन-तीनच्या गटांवरून शोधायला शिकवा: दोन काळ्यांच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी नेहमी सी, तीन काळ्यांच्या लगेच डावीकडची नेहमी एफ. वाद्यावरचे सगळे सी शोधण्याचा खेळ पाच मिनिटांत होतो.

पुस्तकात प्रत्येक सुरावर अक्षर लिहून देणे ही प्रेमापोटी होणारी सर्वांत महागडी चूक आहे. डोळे अक्षर वाचतात, सुराची जागा वाचत नाहीत. वर्षभराने मूल अवघड धूनपर्यंत पोचते आणि तरी नवे एकही पान स्वतः वाचू शकत नाही. अक्षराऐवजी खुणेचे सूर पाठ करून घ्या. क्लेफ म्हणजे पाच रेघांच्या सुरुवातीला असलेली खूण. ट्रेबल क्लेफचा (उंच सुरांच्या खुणेचा) वळसा खालून दुसऱ्या रेघेभोवती असतो, ती रेघ जी. बास क्लेफचे (खालच्या सुरांच्या खुणेचे) दोन ठिपके खालून चौथ्या रेघेच्या वर-खाली असतात, ती रेघ एफ. दोन्हींच्या मधोमध स्वतःच्या छोट्या रेघेवर मधला सी. बाकीचे सूर यांच्यापासून पायरी-पायरीने मोजायचे.

सारेगम येणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट: "सी म्हणजे सा" असे शिकवू नका. सा कुठल्याही पट्टीवर धरता येतो, सी मात्र कायम त्याच पट्टीवर असतो. पुढे जी मेजरमधली धून आली की मुलाचा सा जीवर जातो आणि आधीचे सगळे समीकरण विस्कटते.

रोज दोन मिनिटे, आताच्या पातळीपेक्षा सोपे, कधी न पाहिलेले चार बार वाचून वाजवायचे. नियम एकच: चुकले तरी थांबायचे नाही, नजर पुढच्या सुरावर.

## टप्पा ८ : "मला नाही जायचं"

सुरुवातीचा उत्साह पुष्कळदा दोन्ही हात वेगवेगळे चालायला लागतात तेव्हा ओसरतो. तोवर दर आठवड्याला नवी धून येत असते, आता एकाच धूनला तीन आठवडे लागतात. मुलाला वाटते, आपल्याला येईनासे झाले. आधी तीन गोष्टी तपासा: धडा खरोखर पातळीच्या वर आहे का, सराव पाचव्या टप्प्यातल्या क्रमाने होतो का, आणि बैठकीत आवडीची एक तरी धून उरली आहे का. शिक्षकांना सरळ सांगा आणि महिनाभर एक कठीण, दोन सोप्या धून असे प्रमाण मागून घ्या. जुन्या धूनचे रेकॉर्डिंग ठेवले असेल तर आता ऐकवा. सहा महिन्यांतला फरक मुलाला स्वतःच्या कानाने कळतो.

सोडायचेच ठरले तर भांडणाच्या दिवशी निर्णय घेऊ नका. हातातली धून पूर्ण करून, शिक्षकांशी बोलून मग थांबा.

## टप्पा ९ : कार्यक्रम आणि परीक्षा

दोन आठवडे आधी धूनमध्ये चार-पाच जागा ठरवून त्यांना क्रमांक द्या आणि तुम्ही म्हणाल त्या क्रमांकापासून मुलाला वाजवता आले पाहिजे. रंगमंचावर विसर पडला की मूल पुढच्या क्रमांकावर उडी मारते आणि धून चालू राहते. ही तयारी नसली की सुरुवातीला परत जाण्याखेरीज मार्ग नसतो. शेवटच्या आठवड्यात रोज एकदा, हात गार असताना म्हणजे आधी काही न वाजवता, एकाच प्रयत्नात, घरच्यांसमोर वाजवून घ्या. पेडल असेल तर त्या दिवशीचेच बूट घालून. वाजवण्याआधी बाक सारखा करणे, मनात दोन बार मोजणे आणि मग हात ठेवणे, हेही रोज करून घ्या.

ग्रेड परीक्षा देणार असाल तर गुणांची वाटणी आधी बघा. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेडमध्ये एकूण १५० गुण: तीन धून प्रत्येकी ३०, स्केल्स आणि आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवणे) २१, न पाहिलेले वाचून वाजवणे २१, कानाच्या चाचण्या १८. उत्तीर्ण होण्यास १०० लागतात, मेरिटला १२०, डिस्टिंक्शनला १३०. म्हणजे धूनबाहेरचे ६० गुण आहेत आणि घरी सगळा वेळ धूनवर जातो. स्केल्सना आणि वाचनाला परीक्षेच्या तीन महिने आधीपासून रोज पाच-पाच मिनिटे द्या. शेवटच्या पंधरवड्यात ते भरून काढता येत नाही. सहाव्या आणि पुढच्या प्रॅक्टिकल ग्रेडला बसण्यासाठी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा मंडळाने मान्य केलेला पर्याय आधी उत्तीर्ण असावा लागतो. त्याचे नियोजन मूल पाचव्या ग्रेडला असतानाच करा.

वर्षभर त्याच तीन धून वाजवत परीक्षा देणारी मुले निकालानंतर रिकामी होतात, कारण त्यांच्याकडे वाजवायला दुसरे काही नसते. परीक्षेच्या काळातही शेवटची चार मिनिटे आवडीच्या धूनला ठेवा. परीक्षा झाली की पुढच्या ग्रेडचे पुस्तक लगेच उघडू नका. दोन-तीन आठवडे सोप्या धून भरपूर वाजवू द्या, सराव पाच-सहा दिवसांचा तसाच ठेवा, आणि बाकाची उंची पुन्हा मोजा. एवढ्या महिन्यांत मूल नक्कीच वाढलेले असते.